करडी सासू आणि पाच डिस्क

१

शनिवारी सकाळी साडेनऊला आत्याचा फोन आला, आणि आत्या रडत होती. आत्या रडते ही गोष्टच तिच्या भाचीला ठाऊक नव्हती. दोन माणसांना अग्नी देऊन आलेली बाई, तेव्हाही डोळे कोरडे ठेवून पाहुण्यांना चहा विचारत होती.

"ठिणगी, जरा येतेस का गं? हे लोक एका कागदावर सही मागतायत. पाचच्या आत."

"कसला कागद?"

"मी ऑफिसचा कॉम्प्युटर पुसून टाकला म्हणून."

ठिणगी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण लहानपणी एका मास्तरांच्या अंगावर छडीच उलटी फेकल्यापासून घरात तेच चिकटलं, आणि तिनेही ते खोटं पडू दिलं नाही. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची. गिऱ्हाईक कामावर खूश असायचं आणि जिभेला टरकून असायचं. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, शटर ओढलं, आणि रस्ताभर दात आवळून चालत राहिली.

आत्या बावीस वर्षं एकाच ऑफिसात होती. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारं छोटंसं ऑफिस. समोर आत्याचं टेबल, मागे हत्यारांची खोली, आणि काचेच्या दाराआड मालकांची केबिन. आत्याचं काम एकच होतं. फोन आला की तक्रार ऐकायची, कॉम्प्युटरमध्ये टाइप करायची, आणि फोन करणाऱ्याला ती दोनदा वाचून दाखवायची. "बरोबर आहे का?" असं विचारल्याशिवाय तिने बावीस वर्षांत एकही फोन ठेवला नव्हता. लोक वैतागायचे, ती वाचायचीच.

मालक खुर्चीत रेलून बसले होते. चेहरा दुखवट्याला आल्यासारखा.

"बस. तुझ्या आत्याचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नाही," ते म्हणाले. "पण मंगळवारी एका इमारतीत लिफ्ट पडली. तिथला पहारेकरी आत होता, तो जायबंदी झाला, दोन्ही घोटे मोडले. आता तो म्हणतो, मी ब्रेकची तक्रार तीन आठवड्यांपूर्वीच केली होती. सोमवारी सरकारी तपासनीस येणार आणि नोंदी मागणार. आणि नोंदी कुठायत? बाईंनी उडवल्या!"

"कशावरून बाईंनी?"

"तूच बघ."

कॉम्प्युटर त्यांच्याच केबिनमध्ये कोपऱ्यात आणून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी नऊला बाहेर टेबलावर मालकांनी स्वतः तो सुरू केला होता. सगळं रिकामं दिसताच त्यांनी वायर उपटली, मिस्त्रींना हाक मारून मशीन आत उचलून आणलं आणि केबिनला कुलूप घातलं. त्यानंतर त्याला कुणाचा हात लागला नव्हता.

ठिणगीने वायर जोडली. मशीन सुरू झालं. चार वर्षांचं जुनं मशीन, पण पडद्यावर कालच दुकानातून आणल्याची टवटवी. एकही फाइल नाही. आणि थोड्या वेळाने पडद्याच्या मध्यभागी एक हिरवी चौकट उगवली. 'आपण अद्याप रिकव्हरी डिस्क तयार केलेल्या नाहीत. सुरक्षित ठेवा. आत्ता करायच्या? होय. नंतर.'

"हीच ती!" मालक म्हणाले. "रोज सकाळी ही यायची आणि बाई तिच्याशी भांडायच्या. मी शंभरदा सांगितलं होतं, 'नंतर' दाबा आणि कामाला लागा. पण वैतागून 'होय' दाबलं, आणि झालं सगळं साफ!"

"'होय' दाबल्याने काही साफ होत नाही," ठिणगी म्हणाली. "'होय' दाबलं की ती कोऱ्या डिस्क मागते. एवढंच."

"मग आपोआप झालं का?"

नाही, आपोआप झालं नव्हतं. अशा मशीनच्या पोटात कंपनीने पहिल्या दिवसाची प्रत लपवून ठेवलेली असते. सुरू होताना एक कळ दाबून धरायची, तीन वेळा 'खात्री आहे' म्हणायचं, की वीस मिनिटांत मशीन पहिल्या दिवसावर जातं. चुकून एक बटण दाबलं जाईल, तीन नाही. हे कुणीतरी ठरवून केलं होतं.

तिने मशीनच्या जन्माची वेळ काढून पाहिली. नव्याने मांडणी झाल्याची नोंद होती गुरुवारची, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांची.

"गुरुवारी पावणेपाचच्या सुमारास इथे कोण होतं?"

मालकांनी हात जोडले. "मी चारला गेलो. जावईबापू सव्वाचारला. मिस्त्री दुपारपासून बाहेर. पाचपर्यंत ऑफिसात होत्या फक्त तुझ्या आत्या."

२

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती आग आत्याच्या कामी येणार नव्हती. घड्याळ म्हणजे काही देववाणी नव्हे. मशीन पहिल्या दिवसावर गेलं की ते समोरच्यालाच विचारतं, आज तारीख काय, वेळ काय. समोरचा सांगेल ते ते मानतं. म्हणजे ज्याने पुसलं त्यानेच वेळ घातली असणार, आणि नेमकी तीच वेळ घातली जेव्हा बाई एकटी होती. रागाच्या भरातली बाई असं करत नाही. हे कुणीतरी पाचनंतर, किल्लीने दार उघडून, शांतपणे केलं होतं.

पण हे सांगून मालक ऐकणार नव्हते. 'तुझी आत्या, तू सांगणारच' म्हणाले असते.

किल्ल्या चौघांकडे होत्या. मालक, जावईबापू, मिस्त्री, आणि आत्या स्वतः.

मिस्त्रीकाका मागच्या खोलीत ब्रेकचा पट्टा चिंधीने पुसत बसले होते. साठीचा माणूस, नखांत कायमचं ग्रीस.

"काका, तुम्ही सकाळी सातला येता ना?"

"येतो. म्हणजे संशय माझ्यावर, असंच ना?" ते उसळले. "पोरी, मी त्या मशीनला आयुष्यात बोट लावलेलं नाही. तुझी आत्या लावू देईल का? एकदा नुसता जवळून गेलो तर म्हणाली, हात धुऊन या."

"त्या पहारेकऱ्याच्या लिफ्टचं काम कुणाचं होतं?"

"ब्रेक माझ्याकडे. पण चिठ्ठी मिळाली तर जाणार ना मी? बाई नोंद करतात, जावईबापू इमारतीत जाऊन बघून येतात, आणि काम निघालं तर चिठ्ठी मला. या लिफ्टची चिठ्ठीच आली नाही." त्यांनी पट्टा आपटला. "माझ्या हातचा ब्रेक असता आणि माणूस पडला असता, तर मी स्वतः जाऊन त्याच्या पाया पडलो असतो."

"आत्या त्या चौकटीवर फार चिडायची म्हणे."

मिस्त्री चक्क हसले. "त्या करड्या सासूवर? तिने नावच ठेवलं होतं तसं. रोज सकाळी ती करडी चौकट आली की बाईंचा पट्टा सुरू. 'आलीस? कालच सांगितलं ना नंतर? तुला दुसरा उद्योग नाही?' मला बाहेर ऐकू आलं की कळायचं, नऊ वाजले. हल्ली मात्र गप्प असायच्या. दोनतीन आठवडे झाले असतील. मला वाटलं, तब्येत बरी नाही."

ठिणगी दारात थबकली. पण तेवढ्यात जावईबापू आले आणि तो विषय तिथेच राहिला.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. गेल्या वर्षी लग्न झालं, आणि लग्नाच्या पाठोपाठ ऑफिसातली खुर्ची मिळाली. इस्त्रीचा शर्ट, नम्र आवाज. समोरच्याला आधी पाणी विचारणारा माणूस.

"आत्याबाईंबद्दल मला फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. "मीच सासऱ्यांना म्हटलं, पोलिसात नको, नुसता कागद लिहून घ्या. वयानुसार होतं."

वयानुसार! ठिणगीने ओठ चावला.

"पहारेकऱ्याची तक्रार तुमच्याकडे आली होती?"

"छे. आली असती तर मी त्याच दिवशी गेलो असतो. आता आलीच नाही, की बाईंनी लिहिलीच नाही, हे कसं कळणार? नोंदीच नाहीत." त्यांनी हात पसरले.

"गुरुवारी तुम्ही आत्याला शेवटचं कधी पाहिलं?"

"सव्वाचारला निघताना. त्यांच्या मागेच उभा होतो. स्क्रीनवर ती हिरवी चौकट आलेली, आणि बाई तिच्याकडे अशा बघत होत्या की आता गिळतील. म्हणाल्या, आज तुला कायमची घालवते. मी हसलो आणि गेलो. आता वाटतं, थांबायला हवं होतं."

"नंतर मशीन पाहिलंत?"

"कुठून? शुक्रवारी मी अकराला आलो, तोवर सासऱ्यांनी ते कुलपात टाकलेलं. गुरुवारनंतर मला त्याचं दर्शन नाही."

ते इतकं सरळ बोलले की ठिणगीला क्षणभर स्वतःचीच शंका आली. आणि आत्या खरंच तसं काही म्हणाली असेल तर?

३

आत्या हत्यारांच्या खोलीमागच्या बाकड्यावर बसली होती. मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. समोर चहा गार झाला होता.

"आत्या, गुरुवारी तू त्या चौकटीला काही म्हणालीस?"

"नाही गं."

"जावई म्हणतो, म्हणालीस."

आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याच हातून झालं असेल. करते सही."

"का करतेस?" ठिणगी ओरडलीच. "बावीस वर्षं यांचे फोन घेतलेस आणि आता हे तुझ्या माथी खापर फोडतायत! तू सही केलीस की उद्या तो पहारेकरी खोटा आणि तूही खोटी. तुझ्या शब्दाला कोण विचारणार? तक्रार आली होती का, ते तरी सांग!"

"आली होती." आत्याने मान वर केली. पहिल्यांदाच तिचा आवाज कापला नाही. "मागच्या महिन्याची अठ्ठावीस, सोमवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. दोन नंबरची लिफ्ट. ब्रेक घसरतो, मजल्याच्या खाली हातभर जाऊन थांबते. त्याला दोनदा वाचून दाखवली मी. आणि तिसाव्या तारखेला त्याच्यापुढे जावईबापूंची नोंद आली. 'जाऊन पाहिलं, दोष नाही.'"

"म्हणजे तो गेलाच नव्हता!"

"ते मी कसं सांगू? लिहिलं होतं, मी वाचलं."

ठिणगीला हवं ते मिळालं होतं आणि हातात काहीच नव्हतं. तोंडचा शब्द, तोही आरोपीचा. ती उठून आत्याच्या टेबलाशी गेली. आत्याचं टेबल आत्यासारखंच होतं, पेन्सिली टोक करून एका रांगेत. फोनजवळ उभं कॅलेंडर. त्यावर लाल फुल्या होत्या, कागद फाटेल इतक्या दाबून मारलेल्या. तिने मागचं पान उलटलं. तिथे रोज एक फुली. त्याच्या मागेही. या महिन्यात मात्र एक तारखेला फुली, दोनला फुली, आणि पुढे एकही नाही. चार तारखेपासून कालपर्यंत सगळं कोरं.

ती कॅलेंडर घेऊनच परतली. "हे काय आहे?"

आत्या लाजली. "ती करडी आली की एक फुली मारायची. म्हटलं, मोजून तरी ठेवू, किती छळते ते."

"आणि दोन तारखेनंतर?"

आत्याने पिशवी आणखी घट्ट धरली. बराच वेळ ती नखाने शिवण उसवत राहिली.

"दोनला शनिवार होता. सगळे दुपारी गेले. मी कोऱ्या डिस्क घेऊन आले होते. मालकांनी सांगितलं होतं, मशीनशी खेळ करायचा नाही, 'नंतर' दाबायचं. पण किती दिवस 'नंतर'? आणि माझं बावीस वर्षांचं काम त्यात. जुन्या वह्यासुद्धा मी त्यात उतरवल्या होत्या. मी 'होय' दाबलं. संध्याकाळपर्यंत बसले. पाच डिस्क झाल्या. सोमवारपासून ती यायची बंद. मला वाटलं, चुकलंच माझं. डिस्क करतानाच आत काहीतरी बिघडवलं मी, आणि ते आता फुटलं. म्हणून बोलले नाही."

म्हणजे ही बाई दोन दिवस गुन्हेगारासारखी बसली होती, आणि गुन्हा काय, तर सगळ्या ऑफिसात एकटीने मशीनचं सांगणं ऐकलं! ठिणगीला रडू येईल इतका राग आला. मालकांचा आला, जावयाचा आला, थोडा आत्याचाही आला.

"डिस्क कुठायत?"

आत्याने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. सोडली. पाच डिस्क, पाच कागदी पाकिटांत, प्रत्येकावर सुबक अक्षरात एक ते पाच. "यात आहे ना गं सगळं? मी म्हणूनच आज आणल्या. तू बघून सांगशील म्हणून."

ठिणगीने त्या हातात घेऊन एकेक पाकीट उलटून पाहिलं. रिकव्हरी डिस्कमध्ये फक्त मशीन असतं, पहिल्या दिवसाचं, कोरं. माणसाने त्यात पुढे काय लिहिलं, त्यातलं एक अक्षर नसतं. आत्याने दोन तारखेला जिवापाड जपून जे साठवलं, त्यात आत्याचं काहीच नव्हतं.

तिने ते सांगितलं. अशा गोष्टी तिला गोड करून सांगता येत नसत, आणि तिने तसा प्रयत्नही केला नाही. आत्याने ऐकलं, रुमालाची घडी घातली, मग उलगडली, पुन्हा घातली.

"मग त्याने 'सुरक्षित ठेवा' असं का म्हणायचं?" ती म्हणाली. "रोज म्हणायचं ते. सुरक्षित ठेवा, सुरक्षित ठेवा. मला काय माहीत, ते स्वतःचंच बोलत होतं."

ठिणगीच्या डोक्यात मिस्त्रीकाकांचा एक शब्द आणि जावईबापूंचा एक शब्द एकमेकांशेजारी येऊन बसले होते.

"आत्या, ती चौकट करडी होती ना? हिरवी कधीच नव्हती?"

"होती की. मशीन नवं होतं तेव्हा महिनाभर हिरवी होती. मग एक दिवस त्याचं ते स्वतःच काहीतरी बदललं, आणि तेव्हापासून करडी. चार वर्षं होतील."

"आणि या डिस्क तू केल्यास हे कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"चल," ठिणगी म्हणाली. "आणि आत गेल्यावर यात काय आहे नि काय नाही, यावर एक शब्द बोलायचा नाही. मीही बोलणार नाही."

४

केबिनमध्ये तिघंही होते. मालक खुर्चीत, जावईबापू खिडकीशी, मिस्त्री दारात, चपला बाहेर काढून. टेबलावर तो कागद आणि त्यावर पेन तयार होतं. ठिणगीने बाहेर जाताना वायर काढून ठेवली होती, त्यामुळे कॉम्प्युटरचा पडदा काळा होता.

"सही करताय ना?" मालकांनी विचारलं.

"आधी एक छोटी गोष्ट," ठिणगीने कॅलेंडर कागदावर आपटलं. "चौकट दिसली की आत्या फुली मारते. शेवटची फुली दोन तारखेची. मिस्त्रीकाका, आत्याची सकाळची भांडणं कधीपासून बंद झाली?"

"दोनतीन आठवडे," मिस्त्री म्हणाले.

"कारण दोन तारखेला आत्याने डिस्क करून टाकल्या. एकदा केल्या की ती चौकट पुन्हा येत नाही. म्हणजे गुरुवारी सव्वाचारला पडद्यावर कुठलीच चौकट नव्हती. असू शकत नाही. जावईबापू, तुम्हाला मात्र ती दिसली."

"रोज बघायची सवय," जावईबापू हसले. "एखाद्या दिवशी दिसल्यासारखं वाटलं असेल."

"शक्य आहे. पण तुम्हाला हिरवी दिसली." ठिणगी त्यांच्याकडे वळली. "चार वर्षं इथे सगळ्यांना करडी दिसते. तुम्ही गेल्या वर्षी आलात. हिरवी चौकट या मशीनवर फक्त पहिल्या महिन्यात होती, आणि मग गुरुवारी पुसल्यावर परत आली. मालकांनी ती शुक्रवारी नऊला पाहिली, मी आज पाहिली. तुम्ही तर गुरुवारनंतर मशीन पाहिलंच नाही म्हणता. मग हिरवी कुठे पाहिलीत?"

मालकांनी हळूच मान वळवून जावयाकडे बघितलं.

"रंगाचं काय घेऊन बसलात!" जावईबापूंचा आवाज अजून नम्रच होता, पण कानशिलं लाल झाली होती. "तोंडातून निघून गेलं. कुणीतरी बोलताना ऐकलं असेल. एका रंगावरून तुम्ही माणसाला चोर ठरवणार?"

आणि मालकांनी सुटकेचा श्वास टाकला. ते ठिणगीच्या नजरेतून सुटलं नाही. मालकांना खरं काय ते नको होतं, त्यांना लेकीचा संसार हवा होता. तिला टेबल उलटून टाकावंसं वाटलं.

त्याऐवजी तिने रुमाल सोडला आणि पाच डिस्क टेबलावर ओळीने मांडल्या.

"बरं. रंग सोडून देऊ. या आत्याच्या डिस्क, दोन तारखेच्या. तक्रार अठ्ठावीसची, जावईबापूंची नोंद तिसाव्या तारखेची, असं आत्या म्हणते. डिस्क त्याच्या नंतरच्या आहेत. बघू या."

ती मशीनकडे वळली, खाली वाकली आणि वायर जोडू लागली. मागे मिस्त्रीकाका भाबडेपणाने म्हणाले, "शेवटच्या नोंदी शेवटच्या डिस्कवर असतील, नाही?"

ठिणगीने उत्तर दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा ती बोलायच्या जागी गप्प बसली, आणि वायर हवी त्याहून बराच वेळ जोडत राहिली.

कट्ट असा आवाज झाला.

ती वळली. जावईबापूंच्या हातात पाचवी डिस्क होती, दोन तुकड्यांत. एका बोटातून रक्त येत होतं आणि इस्त्रीच्या बाहीवर उतरत होतं. मिस्त्रींनी त्यांचं मनगट धरलं होतं, ग्रीसच्या हाताने, आणि ते सोडत नव्हते.

"पडली हातातून," जावईबापू म्हणाले.

"टेबलावरची डिस्क हातातून पडली?" ठिणगी म्हणाली. "राहू द्या. त्यात काही नव्हतंच. या पाचही डिस्कमध्ये आत्याच्या कामाचं एक अक्षर नाही. रिकव्हरी डिस्कवर ते नसतंच. ज्याला भीती नाही, तो ती कशाला मोडेल?"

जावईबापूंच्या चेहऱ्यावरचा नम्रपणा गळून पडला. "मी जाणार होतो हो!" ते एकदम ओरडले. "त्या आठवड्यात अकरा इमारती होत्या. ही नंतर बघू म्हटलं. नोंद करून टाकली, म्हटलं, जाऊन येऊ नंतर. कुणाला माहीत होतं ती पडेल?"

"त्याला माहीत होतं," आत्या दारातून म्हणाली. "त्याने फोन करून सांगितलं होतं."

५

मालकांनी आधी काचेचं दार लावून घेतलं. मग कपाळ पुसलं.

"हे बघा बाई. झालं ते झालं. तुमचा काही दोष नाही, हा कागद मी फाडतो. सोमवारी तपासनीसाला सांगू, मशीन बिघडलं, नोंदी गेल्या. कुणाचंच नाव नको. घरातली गोष्ट आहे. याचं काय करायचं ते मी नंतर बघतो."

बावीस वर्षं आत्याने या माणसापुढे ब्र काढला नव्हता. ती टेबलाजवळ आली. त्यांनी फाडायला उचललेला कागद तिने त्यांच्या हातातून काढून घेतला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्याच लिहायला लागली. तारीख. वेळ. इमारत. दोन नंबरची लिफ्ट. ब्रेक घसरतो, मजल्याच्या खाली हातभर जाऊन थांबते. त्याखाली जावईबापूंची तिसाव्या तारखेची नोंद, शब्दाला शब्द. त्याखाली, आज या खोलीत काय मोडलं आणि कोण काय बोललं ते. मग स्वतःची सही.

"साहेब, सही करा."

"अहो बाई, नंतर—"

"आत्ता."

मालक बघत राहिले. सही केली नाही. मिस्त्रीकाका पुढे झाले, चिंधीला हात पुसले, आणि वाकड्यातिकड्या अक्षरात साक्षीदार म्हणून आपली सही ठोकली. ठिणगीने तिच्याखाली आपली केली, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

"सोमवारी मीच देते तपासनीसांना," आत्या म्हणाली. "तुम्ही कामावर ठेवा, नका ठेवू."

मग ती बाहेर आपल्या टेबलाशी गेली, रांगेतली एक पेन्सिल सरळ केली आणि फोन उचलला. ठिणगी शेजारी उभी राहिली. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत होती. अखेर एक थकलेला पुरुषी आवाज आला.

"मी लिफ्टच्या ऑफिसातून बोलतेय," आत्या म्हणाली. "तक्रार घेते ती. तुम्ही अठ्ठावीसला फोन केला होता."

"ताई, तुम्ही?" आवाज चढला. "ते लोक इथे येऊन गेले. म्हणे, तू खोटं बोलतोस, अशी तक्रारच कुठे नाही. माझी बायकोसुद्धा विचारायला लागली, खरंच केला होतास का फोन?"

"केला होतात. मी लिहिली होती. परत लिहिलीय. ऐका." आणि तिने कागद डोळ्यांसमोर धरून वाचायला सुरुवात केली, तारखेपासून शेवटपर्यंत, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. तिचा आवाज दोन्ही वेळा सारखाच होता. शेजारी ठिणगीला तोंड फिरवून घ्यावं लागलं.

"बरोबर आहे का?" आत्याने विचारलं.

"बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "थांबा, फोन ठेवू नका. माझ्या बायकोला द्यायचाय. तिलाही वाचून दाखवा."